देशी मशीन टूल उद्योग: उभारणी, उतरण आणि आजची स्थिती (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मशीन टूल म्हणजे नेमकी कोणती यंत्रे?

धातू कापून, घासून किंवा दाबून त्याला मापाचा आकार देणारी, जागेवर पक्की बसवलेली यंत्रे. लेथ, मिलिंग, रेडियल ड्रिल, ग्राइंडर, गिअर हॉबिंग, बोअरिंग, प्रेस ही सगळी त्यात येतात. हातात धरायचे ड्रिल किंवा अँगल ग्राइंडर येत नाही.

पंप असो, ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स असो की तोफेची नळी, ती कुठल्या तरी मशीन टूलवरच तयार होते. मोटार उद्योगाशेजारी या उद्योगाची उलाढाल अगदी लहान दिसते. पण क्रँकशाफ्टचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) किती गोल येणार, हे बऱ्याच अंशी ग्राइंडरचा स्पिंडल (फिरणारा मुख्य दांडा) किती खरा फिरतो यावर ठरते. म्हणून हा उद्योग देशात हवा की नको, हा प्रश्न त्याच्या उलाढालीवरून सोडवता येत नाही.

भारतात सुरुवात कुठून झाली?

शेतीच्या अवजारांपासून. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली ती नांगर आणि कडबा कापायच्या यंत्रांवर. साताऱ्याला धनजीशा कूपर यांनीही लोखंडी नांगरापासूनच सुरुवात केली. नांगर ओतायला फाउंड्री लागते, फाउंड्रीच्या मालाला मशिनिंग लागते, आणि बाहेरून यंत्र आणणे परवडत नाही, तेव्हा माणूस स्वतःच लेथ बनवू लागतो. बटाला, लुधियाना, राजकोट, कोइंबतूर या गावांतही थोड्याफार फरकाने हेच घडले.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडहून यंत्रे येणे आटले आणि देशी कारखान्यांना एकदम मागणी आली. म्हैसूर किर्लोस्कर हा कारखाना १९४१ मध्ये हरिहरला निघाला तो मुख्यतः लेथसाठी. सिकंदराबादची प्रागा टूल्स १९४३ ची. १९४६ मध्ये उत्पादकांची संघटना, इम्टमा, स्थापन झाली. युद्ध संपताच परदेशी यंत्रे, शिवाय लष्कराची उरलेली यंत्रे बाजारात आली आणि बऱ्याच लहान कारखान्यांचे काम थांबले. आयात बंद झाली की उभारी, आयात सुरू झाली की घसरण, हा नमुना तेव्हापासूनचा आहे.

एचएमटी एवढी मोठी कशी झाली?

हिंदुस्थान मशीन टूल्सची नोंदणी १९५३ ची. स्विस कंपनी ओर्लिकॉनशी करार करून बंगळुरूजवळ जलहळ्ळीला कारखाना उभारला. सुरुवातीला भर एकाच जातीच्या लेथवर होता. फक्त लेथवर एवढा मोठा कारखाना चालणार नाही हे लवकरच दिसले, आणि वेगवेगळ्या यंत्रांसाठी वेगवेगळे सहकारी घेतले गेले: मिलिंगसाठी जर्मनीची फ्रिट्झ वेर्नर, रेडियल ड्रिलसाठी कोल्ब, ग्राइंडरसाठी इटलीची ऑलिव्हेट्टी, गिअर हॉबिंगसाठी लिबहेर. कंपनीने स्वतःच्या नफ्यातून बंगळुरूचा दुसरा कारखाना १९६१ मध्ये उभा केला. पुढे त्याच दशकात पिंजोर, कळमश्शेरी आणि हैदराबाद झाले. अजमेरचा कारखाना १९७५ मध्ये तिच्याकडे आला.

एनएच २२ आणि एनएच २६ लेथ, एफएन २यू मिलिंग, आरएम ६२ रेडियल, जी १७पी ग्राइंडर ही नावे आजही कुठल्याही टूलरूममध्ये घ्या, समोरचा माणूस लगेच ओळखतो. एचएमटीचे प्रशिक्षण केंद्रही तितकेच महत्त्वाचे होते. तिथून तयार झालेले फिटर, टर्नर आणि डिझायनर पुढे देशभरच्या खासगी कारखान्यांत गेले.

याच काळात बाकीचा पायाही घातला गेला. भारत फ्रिट्झ वेर्नर १९६१ ला, संशोधनासाठी बंगळुरूची सीएमटीआय ही संस्था १९६२ ला, अवजड यंत्रांसाठी चेकोस्लोव्हाकियाच्या मदतीने रांचीचा कारखाना. १९६६ मध्ये टाटांची टेल्को (आजची टाटा मोटर्स) पुण्यात आली तीही आधी स्वतःची यंत्रे आणि डाय बनवणारा विभाग घेऊन. इम्टेक्स हे प्रदर्शन १९६९ मध्ये मुंबईत पहिल्यांदा भरले.

लेथ बनवण्यात एवढे अवघड काय आहे? तो तर बिडाचा ठोकळाच असतो.

अवघड आहे तो हा बिडाचा ठोकळाच.

बेडचे, म्हणजे लेथच्या तळाचे ओतकाम साच्यात थंड होताना पातळ फासळ्या आधी आकसतात, जाड स्लाइडवे (ज्यांवर टूलचा भाग सरकतो त्या पट्ट्या) नंतर. हा ताण बिडात अडकून राहतो. वरचा थर मशीनने काढला की ताणाचा तोल बिघडतो आणि बेड वाकतो, तोही एका दिवसात नाही तर महिन्यांत. म्हणून आधी रफ मशिनिंग करतात, मग बेड भट्टीत ५५० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत हळूहळू तापवतात, जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक तास धरतात, आणि भट्टीतच २०० अंशांच्या आसपास येईपर्यंत थंड होऊ देतात. भट्टीचे दार घाईने उघडले तर काढलेला ताण पुन्हा भरला जातो. पूर्वी बेड महिनोन्‌महिने उघड्यावर, उन्हापावसात ठेवत. त्याला जागा लागते आणि भांडवल अडकते, म्हणून मागणी वाढली की पहिली कात्री याच पायरीला लागायची. ग्राहकाकडे यंत्र बसवल्यावर सहा महिन्यांत जॉबला, म्हणजे त्यावर बनणाऱ्या भागाला टेपर (एका टोकाकडे निमुळतेपणा) येऊ लागला, तर त्याचे मूळ पुष्कळदा इथे असते.

नंतर स्लाइडवे फ्लेम किंवा इंडक्शनने कडक करायचे, ग्राइंड करायचे. त्यावर बसून टूल पुढेमागे नेणारे सॅडल हाताने स्क्रेप करतात, म्हणजे खरवडून नेमके बसवतात. बेडला ब्ल्यूचा (खूण उठवणाऱ्या निळ्या रंगाचा) अगदी पातळ थर द्यायचा, सॅडल ठेवून दोनतीनदा सरकवायचे, उचलून पाहायचे. जिथे निळे उठले तो उंचवटा. तो स्क्रेपरने काही मायक्रॉन खरवडायचा आणि पुन्हा ब्ल्यू मारायचे. २५ मिलिमीटरच्या चौकोनात दहाबारा ठिपके समान पसरलेले दिसले की सॅडल चालते. टूलरूम लेथसाठी त्याच्या दुप्पट हवेत. ठिपक्यांमधल्या खोलगट जागेत तेल टिकते, हाही स्क्रेपिंगचा मोठा फायदा. ब्ल्यू जाड लागले तर सगळेच निळे दिसते आणि फिटर फसतो. हे काम नजरेत आणि मनगटात बसायला वर्षे लागतात. ज्या कारखान्यांतून असे फिटर निवृत्त झाले आणि मागे कोणी तयार झाले नाही, त्यांची यंत्रे पाच वर्षांत ओळखू येईनाशी झाली.

शेवटी भूमितीची तपासणी. स्पिंडलच्या टेपरमध्ये टेस्ट मँड्रेल (तपासणीची अचूक दांडी) बसवून ३०० मिलिमीटरवर रनआउट (फिरतानाची डगमग) ०.०२ मिलिमीटरच्या आत. स्पिंडलचा अक्ष कॅरेजच्या (सॅडलसह सरकणाऱ्या भागाच्या) चालीला समांतर, आणि चूक असलीच तर मँड्रेलचे मोकळे टोक किंचित वर आणि टूलच्या बाजूला असावे, कारण जॉबचे वजन आणि कापण्याचा जोर त्याला उलट दिशेने ढकलणार असतो. शिकाऊ मुले इथे हमखास विचारतात की शून्यच का ठेवत नाहीत. यंत्र कामावर असताना शून्य यावे म्हणून.

परदेशी सहकार्याने फायदा झाला की तोटा?

दोन्ही. पहिली वीस वर्षे फायदा निर्विवाद होता. ड्रॉइंग, प्रोसेस शीट, जिग, फिक्श्चर, तपासणीचे तक्ते, सगळे एकत्र आले. ते स्वतः शोधत बसलो असतो तर पिढी गेली असती.

तोटा नंतर दिसला. ड्रॉइंगवर माप असते, ते माप तसे का आहे हे नसते. रिब इथेच का, बेअरिंगमधले अंतर एवढेच का, हे मूळ डिझायनरच्या गणितात आणि फसलेल्या नमुन्यांत असते. करार संपला तेव्हा आपल्याकडे त्या यंत्राची उत्तम नक्कल होती, पण पुढचे मॉडेल काढायची सवय नव्हती. मग पुढच्या मॉडेलसाठी पुन्हा करार. सहकारीही अर्थातच बहुधा तेच मॉडेल देत असे, जे त्याच्या देशात जुने होत चालले होते.

सीएमटीआय या पोकळीसाठीच होती आणि तिने कामही चांगले केले, पण बंद बाजारात उत्पादकावर नवे डिझाइन घेण्याची सक्तीच नव्हती. यंत्रासाठी ग्राहक रांगेत उभा असेल, तर डिझाइन बदलण्याचा खर्च कोण करील?

ट्रॉबचे नाव इतके का घेतले जाते?

कारण पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नाशिक या पट्ट्यातल्या शेकडो लहान कारखान्यांचे पोट त्यावर चालले. ट्रॉब हे मूळ जर्मन सिंगल स्पिंडल ऑटोमॅट, म्हणजे आपोआप चालणारा लेथ. परवान्याखाली ते भारतात बनू लागले आणि पुढे देशी नकलाही निघाल्या. बार घातला की कॅमच्या (उंचसखल कडेच्या चकतीच्या) हुकमाने टूल पुढेमागे होतात आणि दर काही सेकंदांना एक जॉब पडतो. प्रत्येक जॉबला वेगळा कॅम संच लागतो. तो काढणारा माणूस म्हणजे कारखान्याचा प्राण. स्क्रू, नोझल, बुश असा लाखांच्या संख्येतला साधा माल अजूनही त्यावर स्वस्त पडतो. जॉब दर आठवड्याला बदलत असेल तर मात्र कॅम बदलण्यातच दिवस जातो, आणि तिथे सीएनसीने, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या यंत्राने त्याला मागे टाकले.

सीएनसी आल्यावर नेमके काय बिघडले?

या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

संख्यांच्या हुकमावर चालणारे पहिले मिलिंग यंत्र अमेरिकेत एमआयटीत १९५२ मध्ये दाखवले गेले. पुढची वीस वर्षे ते महाग आणि मुख्यतः विमान उद्योगापुरतेच राहिले. १९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाला आणि जपानने मध्यम आकाराची, प्रमाणित, एकाच कंट्रोलवर (हुकूम देणाऱ्या संगणकावर) चालणारी यंत्रे मोठ्या संख्येने काढायला सुरुवात केली. त्या लाटेत अमेरिकेचे जुने कारखानेही वाहून गेले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जपान उत्पादनात अमेरिकेच्या पुढे गेला होता.

सीएनसीत यंत्राची किंमतच जागा बदलते. जुन्या लेथमध्ये पैसा हेडस्टॉकच्या (स्पिंडल बसवलेल्या पेटीच्या) गिअर, फीड गिअरबॉक्स, एप्रन (सॅडलखालची गिअरची पेटी) आणि लीडस्क्रू (थ्रेड कापताना कॅरेज ओढणारा स्क्रू) यांत होता. ते सगळे आपण बनवत होतो. सीएनसी लेथमध्ये हे जवळपास सगळेच नाहीसे होते. त्याच्या जागी सर्वो मोटर (हुकमाप्रमाणे नेमकी फिरणारी), बॉलस्क्रू (गोळ्यांवर चालणारा स्क्रू), लिनिअर गाइड (सरकण्याचे अचूक रूळ), टरेट (टूल बदलणारे फिरते डोके) आणि कंट्रोल येतात. म्हणजे ज्या कौशल्यावर आपले कारखाने उभे होते त्यातले अर्धे निरुपयोगी झाले, आणि जे लागत होते ते विकत आणावे लागले.

एचएमटीने प्रयत्न केला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एसटीसी २५ सारखी सीएनसी टर्निंग सेंटर निघाली, हिन्युमेरिक नावाने कंट्रोलही आले. पण कंपनीचे लक्ष तोवर घड्याळे, ट्रॅक्टर, दिवे, छपाई यंत्रे असे विभागले होते. शिवाय मोठा कारखाना गिअर कापण्यासाठी आणि भारी ओतकामासाठी मांडलेला होता. त्याला बॉलस्क्रूच्या जमान्यात आणायचे तर हजारो माणसांचे काम बदलावे लागणार होते, आणि सरकारी कंपनीत तो निर्णय कोणी वेळेवर घेतला नाही.

मग १९९१ च्या उदारीकरणाने हा उद्योग बुडवला, असे म्हणतात ते खरे नाही का?

अर्धे खरे. १९९१ ला सीमाशुल्काचा कमाल दर १५० टक्के होता. पुढच्या चारपाच वर्षांत यंत्रांवरचे शुल्क झपाट्याने उतरले. निर्यातीची हमी देणाऱ्याला सवलतीत यंत्र आणता येऊ लागले. जपान, तैवान, जर्मनीची वापरलेली यंत्रेही येऊ लागली. दहा वर्षे चाललेले जपानी सीएनसी लेथ नव्या देशी साध्या लेथपेक्षा जास्त काम देते, हे ग्राहकाने पाहिल्यावर तो परत फिरला नाही.

आमच्या मते मूळ दुखणे त्याआधीचे आहे. १९७५ ते १९९० ही पंधरा वर्षे संरक्षण होते, नफा होता, माणसेही होती. ती वर्षे नव्या डिझाइनवर खर्च झाली असती तर १९९१ सोसता आले असते. पण शुल्क उतरवण्याचा वेगही चुकीचा होता. मोटारींवरचे संरक्षण बराच काळ राहिले, मोटारी बनवणाऱ्या यंत्रांवरचे मात्र लवकर गेले. त्यामागचे गणित असे, की स्वस्त यंत्रे आली तर बाकीचे सगळे उद्योग सुधारतील. ते सुधारलेही. त्याची किंमत हरिहर, पिंजोर आणि अजमेरने मोजली.

म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना २००० नंतरच्या काही वर्षांत बंद पडला. एचएमटीचा मशीन टूल विभाग वेगळी उपकंपनी झाला आणि तोट्यातच राहिला. २०१६ मध्ये घड्याळे आणि ट्रॅक्टर बंद करण्याचा निर्णय झाला, पण मशीन टूल कंपनी राहिली.

या धंद्यात मागणी इतकी वरखाली का होते?

एका वाहन कारखान्यात १०० लेथ आहेत आणि दरवर्षी १० म्हातारे होतात असे धरा. मालाची मागणी स्थिर असेल तर तो वर्षाला १० लेथ घेतो. मागणी १० टक्के वाढली की बदलीचे १० आणि वाढीव १०, म्हणजे २० घेतो. मागणी १० टक्के घटली की एकही घेत नाही, आहे त्यातच भागवतो. ग्राहकाच्या धंद्यात दहा टक्क्यांची हालचाल, आणि यंत्र बनवणाऱ्याकडे शून्य ते दुप्पट.

१९६५-६६ चा दुष्काळ, १९६६ चे अवमूल्यन आणि लांबलेली पंचवार्षिक योजना, यांचा फटका म्हणूनच एचएमटीला सगळ्यांत आधी आणि जोरात बसला. त्यात ओतकामापासून रवानगीपर्यंत चारसहा महिने जातात, आणि आगाऊ रक्कम मिळते थोडीच. म्हणजे बाजार पडतो तेव्हा कारखान्यात अर्धवट बनलेली यंत्रे आणि डोक्यावर बँकेचे व्याज असते. जर्मन आणि जपानी कंपन्या हा खड्डा निर्यातीने भरून काढतात, कारण सगळे देश एकाच वर्षी पडत नाहीत. आपल्याकडे निर्यात नेहमीच तोकडी होती.

म्हणजे आता देशात काहीच बनत नाही?

बनते, आणि पूर्वीपेक्षा जास्त बनते. पडले ते साध्या यंत्रांचे मोठे कारखाने. सीएनसीच्या बाजूने नवी फळी आली: बंगळुरूत १९७९ ला सुरू झालेली एस डिझायनर्स, राजकोटची ज्योती सीएनसी, जिने २००७ मध्ये फ्रान्सची जुनी ह्युरॉन कंपनी विकत घेतली, कोइंबतूरची एलएमडब्ल्यू, हैदराबादची लोकेश, आणि टिकून राहिलेली भारत फ्रिट्झ वेर्नर. पुण्यात इलेक्ट्रॉनिकाने स्पार्क इरोजनच्या (विजेच्या ठिणग्यांनी धातू काढणाऱ्या) यंत्रांत जम बसवला. भोसरी, चिंचवड, तळेगाव भागात विशेष कामाची यंत्रे, म्हणजे एसपीएम, बनवणारे लहान कारखाने पुष्कळ आहेत. त्यांतले काही डिझाइनच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा सरस आहेत, कारण त्यांना प्रत्येक ऑर्डरला नव्याने विचार करावा लागतो.

तरी देशातल्या मागणीचा मोठा हिस्सा, ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास, आजही आयातीतून भागतो. विशेषतः अचूक ग्राइंडर, पाच अक्षांची यंत्रे आणि गिअरची यंत्रे.

देशी व्हीएमसीत (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग यंत्रात) देशी किती असते?

बेड, कॉलम आणि टेबलाचे ओतकाम, पत्र्याचे आवरण, कूलंट टाकी, वायरिंग, जुळवणी, बऱ्याचदा स्पिंडलची जुळवणीही इथली. कंट्रोल आणि सर्वो बहुधा फॅनुक, सीमेन्स किंवा मित्सुबिशीचे. लिनिअर गाइड आणि बॉलस्क्रू जपान, तैवान किंवा जर्मनीचे. स्पिंडलची बेअरिंग बाहेरची, टूल चेंजर पुष्कळदा तैवानचा.

यात लाज वाटण्यासारखे नाही, तैवाननेही सुरुवात अशीच केली. देशीपण डिझाइनमध्ये असते. एक कसोटी: स्टीलचा एक मीटर लांब बॉलस्क्रू दर अंशाला ११-१२ मायक्रॉन वाढतो. ५०० मिलिमीटर चाल असलेला स्क्रू कामाने १० अंश तापला तर टोकाला ५०-६० मायक्रॉनची चूक येते. ती वाढ कशी आवरली आहे, स्क्रू ताणून बसवला आहे का, तेलाने थंड केला आहे की जागा थेट मोजणारी काचपट्टी लावली आहे, हे विक्रेत्याला विचारा. उत्तर लगेच आणि नेमके आले तर डिझाइन त्याचे स्वतःचे आहे.

पाच अक्षांची यंत्रे बाहेरून घेताना एवढी चौकशी का होते?

टर्बाइनचे पाते आणि पाणबुडीचा पंखा त्यावर बनतो म्हणून. तोशिबाच्या उपकंपनीने सोव्हिएत युनियनला पंखे कापणारी बहुअक्षीय यंत्रे आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्गने त्यांचे कंट्रोल विकल्याचे १९८७ मध्ये उघड झाले, तेव्हा मोठे वादळ उठले. १९९६ पासून वासेनार व्यवस्था या आंतरराष्ट्रीय समझोत्याखाली अशा यंत्रांच्या निर्यातीवर नियंत्रण आहे. भारत २०१७ मध्ये तिचा सदस्य झाला, त्यामुळे वाट सोपी झाली, पण अंतिम वापराचे लेखी हमीपत्र आजही मागितले जाते. काही यंत्रांत हालचाल ओळखणारा सेन्सर असतो. परवानगीवाचून यंत्र जागेवरून हलवले तर ते बंद पडते. कारखाना स्थलांतर करणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

जुना एचएमटी किंवा किर्लोस्कर लेथ घ्यावा का?

दुरुस्ती, टूलरूम, एकेक जॉब, शिकवणे, यांसाठी जरूर. त्या बेडचे बीड चाळीस वर्षे मुरलेले असते. जे वाकायचे ते केव्हाच वाकून झाले. फक्त रंगावर जाऊ नका. ताजा रंग दिसला तर उलट जास्त बारकाईने पाहा, कारण त्याखाली वेल्डिंग लपवलेले असू शकते: एप्रन, गिअरबॉक्सची पेटी आणि पायाचे कान तपासा.

जाताना मॅग्नेटिक स्टँडसह ०.०१ चे डायल, ०.०२ मिलिमीटर प्रति मीटरची लेव्हल, टेस्ट मँड्रेल आणि फीलर गेज न्या.

बेडची झीज चकजवळच्या पहिल्या अर्ध्या मीटरमध्ये सर्वांत जास्त असते, कारण बहुतेक जॉब आखूड असतात. टेलस्टॉकचे (जॉबचे दुसरे टोक धरणाऱ्या भागाचे) स्लाइडवे वेगळे असतात आणि चकजवळ जवळजवळ कोरे राहतात. डायल सॅडलवर बसवा, टोक टेलस्टॉकच्या सपाट स्लाइडवेवर टेकवा आणि कॅरेज पूर्ण बेडभर न्या. डायल जितके हलेल तितके सॅडल खाली बसते आहे. ०.०५ पर्यंत असेल तर निश्चिंत घ्या. ०.१५ च्या पुढे गेले तर बेड ग्राइंडिंगचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला.

स्पिंडलच्या नाकावर डायल लावा, चकखाली लाकडी दांडा घालून वर उचला. ०.०१-०.०२ हालचाल चालते, त्याहून जास्त असेल तर बेअरिंग घट्ट करून भागते की बदलावे लागते ते पाहा. नंतर मधल्या वेगावर अर्धा तास चालवा. बेअरिंगजवळ हात ठेवता आला पाहिजे. प्रत्येक गिअर टाकून पाहा. ठराविक लयीत टकटक येत असेल तर दात तुटला आहे. जड कट घेताना स्पिंडल मंदावला आणि मोटर फिरतच राहिली, तर क्लचच्या प्लेट संपल्या.

हाफनट (लीडस्क्रूला पकडणारे नट) लावून कॅरेज हाताने हलवा. क्रॉस स्लाइडचा (टूल आडवे नेणाऱ्या भागाचा) प्ले, म्हणजे ढिलेपणा, ०.२ पर्यंत असला तरी घाबरू नका, ते नट बदलता येते. लीडस्क्रू चकजवळ झिजला असेल तर लांब थ्रेडची पिच बिघडते, आणि तो महाग पडतो.

शेवटी ५० मिलिमीटरचा बार चकबाहेर दीडशे मिलिमीटर ठेवून, टेलस्टॉकशिवाय, दोन टोकांना दोन कॉलर बारीक कटने काढा. दोन व्यासांत ०.०२ फरक असेल तर टूलची वाट ०.०१ ने तिरकी आहे. पण त्याआधी बेड लेव्हल केलेला हवा. पिळलेल्या बेडवर उत्तम लेथही टेपरच काढतो, आणि विक्रेत्याच्या शेडमध्ये यंत्र बहुधा नुसते जमिनीवर टेकवलेले असते. चेंज गिअर, चारजॉ चक, स्टेडी आणि फेस प्लेट सोबत आहेत का ते मोजून घ्या. नंतर जमवताना फार वेळ जातो.

रिकंडिशनिंगमध्ये काय करतात, आणि कुठे फसवणूक होते?

खरे काम म्हणजे बेड ग्राइंडिंग आणि सॅडल पुन्हा बसवणे. बेडवरून ०.३ मिलिमीटर काढले आणि सॅडलही झिजलेले असले की एप्रन तेवढे खाली येते. लीडस्क्रू आणि फीड रॉड मात्र जागेवरच असतात. ते वाकून फिरू लागतात आणि बुश खातात. म्हणून सॅडलखाली टर्साइटची (कमी घर्षणाच्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवतात. सॅडल मशीन करून जागा करायची, पृष्ठभाग खरखरीत करायचा, ॲसिटोनने पुसायचा, इपॉक्सी लावून वजनाखाली चोवीस तास ठेवायचे, तेलाच्या चऱ्या कापायच्या आणि मग बेडवर ब्ल्यू मारून स्क्रेप करायचे. पट्टी सुटली तर दहांपैकी नऊ वेळा कारण एकच: पुसल्यावर कोणाचा तरी तेलकट हात लागला.

फसवणूक अशी होते की बेड ग्राइंड करतात आणि सॅडलला हातच लावत नाहीत. बेड चमकतो, पण सॅडल दोन कोपऱ्यांवर टेकलेले असते. सॅडलच्या चारही कोपऱ्यांखाली ०.०४ चे फीलर घालून पाहा. एकाही कोपऱ्यात शिरता कामा नये.

पंचवीस-तीस वर्षांचे देशी सीएनसी मिळत आहे. नवा कंट्रोल टाकून चालेल का?

आधी यांत्रिक बाजू, मग विजेची. बॉलस्क्रूचा बॅकलॅश (दिशा बदलताना येणारा ढिलेपणा), गाइडची झीज आणि टरेटची पकड तपासा. झिजलेल्या यंत्रावर नवा कंट्रोल टाकला तर चूक अधिक स्पष्ट दिसते, एवढेच. यांत्रिक बाजू ठीक असेल तर जुने डीसी सर्वो काढून नवे एसी सर्वो, ड्राइव्ह आणि कंट्रोल एकाच कंपनीचे बसवा. मिश्रणात दोष कोणाचा यावर वाद होत राहतात. मूळ कंट्रोलच ठेवणार असाल तर सर्व पॅरामीटर (यंत्राच्या जुळवणीचे आकडे) आणि लॅडर (यंत्राच्या क्रियांचा प्रोग्राम) आधी उतरवून घ्या, आणि मेमरीची बॅटरी बदलताना यंत्राला वीज चालू ठेवा. बंद करून बॅटरी काढली की पॅरामीटर पुसले जातात, आणि बनवणारी कंपनीच उरली नसेल तर ते परत मिळवायला जागा नाही.

मॅन्युअल हरवलेल्या जुन्या लेथचे काय करावे?

हेडस्टॉकवरचा थ्रेड आणि फीडचा तक्ता आधी स्वच्छ पुसून त्याचा फोटो काढून ठेवा. रंगकाम करणारे तो सगळ्यात आधी रंगवून टाकतात. बेडच्या टेलस्टॉककडील टोकाला किंवा हेडस्टॉकच्या पाटीवर मॉडेल आणि यंत्र क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून त्याच मॉडेलचा मालक शोधला तर झेरॉक्स मिळते, आणि एचएमटीच्या मॉडेलसाठी कंपनीलाही लिहून पाहता येते. तेलाची भोके मॅन्युअलशिवायही सापडतात: प्रत्येक निपल आणि काच साफ करा, हेडस्टॉकमध्ये ६८ ग्रेडचे आणि स्लाइडवेला त्यासाठीचेच चिकट तेल घाला, एक दिवस चालवा आणि काचेत तेल पडते आहे का पाहा. पडत नसेल तर चालवू नका, आधी तेलपंपाची जाळी काढा. ती गाळाने बुजलेली असते.